लाइपझिग आणि हॅनोव्हर, १९८५: दोन घरांचा जमाखर्च मांडायचा आहे, मदत हवी

खडूफळा:

नमस्कार. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी दोन जर्मनींवर एक उपक्रम तयार करते आहे. पाठ्यपुस्तकात शीतयुद्ध येतं, भिंत येते, १९४९, १९६१, १९८९ ही सालं येतात. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं सकाळी उठून काय खात होती, मुलांना कुठे सोडत होती, पगार कसा पुरवत होती, हे मात्र कुठेच येत नाही. म्हणून दोन कुटुंबं कल्पिली आहेत. एक समाजवादी पूर्वेतल्या लाइपझिगचं, दुसरं भांडवलशाही पश्चिमेतल्या हॅनोव्हरचं. ऑक्टोबर १९८५. दोन्ही घरांत नवरा कारखान्यात, बायको कचेरीत पूर्णवेळ नोकरीला, मुलं दहा आणि दोन वर्षांची. मुलांनी दोन्ही घरांची महिन्याची वही मांडायची, एवढाच उपक्रम.

अडचण अशी की आकडे मांडले की लाइपझिगचं घर सुखात दिसतं. घरभाडं नावापुरतं, छोटा पाव पाच फेनिगला (शंभर फेनिगचा एक मार्क), ट्राम वीस फेनिगला, पाळणाघर जवळजवळ फुकट. महिनाअखेर पैसे उरतात. हॅनोव्हरचं घर मात्र भाड्यानेच वाकलेलं. मग लोक जिवावर उदार होऊन भिंत का ओलांडत होते, हे मुलं विचारणारच. माझं कुठे चुकतंय? आणि पूर्व जर्मन मार्काचे रुपये कोणत्या दराने करावेत?

रोजमेळ:

ताई, आकडे चुकलेले नाहीत. लाइपझिगच्या घरात महिनाअखेर पैसे खरोखरच उरत. फक्त तुमच्या वहीत आणखी दोन रकाने आखा: "किती थांबावं लागलं" आणि "कोणाच्या ओळखीने मिळालं". हॅनोव्हरच्या वहीत हे दोन्ही रकाने जवळपास कोरे राहतील. लाइपझिगच्या वहीत तेच सगळ्यात भरलेले असतील.

रुपये करूच नका. सरकारी दर एकास एक होता आणि तो कागदावरच होता. काळ्या बाजारात एका पश्चिमी मार्काला चार-पाच पूर्व मार्क मोजावे लागत. कोणताही दर घेतलात तरी एका घरावर अन्याय होतो. त्याऐवजी प्रत्येक वस्तूचं कामाच्या वेळात रूपांतर करा, मुलांना ते लगेच कळतं.

१९८५ च्या सुमारास पूर्वेत पूर्णवेळ कामगाराचा कपातीपूर्वीचा पगार सुमारे १,१०० मार्क होता आणि सर्वसाधारण आठवडा पावणेचव्वेचाळीस तासांचा. महिन्याचे साधारण १९० तास धरले तर तासाला ५ मार्क ८० फेनिग पडतात. पश्चिमेत पगार सुमारे ३,००० मार्क, आठवडा ४० तासांचा (धातू उद्योगात त्याच वर्षी साडेअडतीस झाला), म्हणजे तासाला १७ मार्क. कपात पश्चिमेत बरीच जास्त. पूर्वेत सामाजिक विम्याचा सक्तीचा हप्ता कामगाराला जास्तीत जास्त ६० मार्क होता.

आता लावून बघा. एक किलो पाव लाइपझिगला ५२ फेनिग, म्हणजे साडेपाच मिनिटांचं काम. हॅनोव्हरला त्याच पावाला साधारण दहा मिनिटं. इथपर्यंत पूर्व पुढे. अर्धा किलो कॉफी लाइपझिगला ३५ मार्क, म्हणजे सहा तास. हॅनोव्हरला अकरा-बारा मार्क, म्हणजे चाळीस मिनिटं. रंगीत टीव्ही लाइपझिगला चार हजारांच्या वर, मोठा घेतला तर सहा हजारांपर्यंत. पाच हजारांचा धरला तरी साडेचार महिन्यांचा अख्खा पगार. हॅनोव्हरला दोन-तीन आठवड्यांचा.

यामागे धोरण होतं. भाडं, पाव, बटाटे, वीज (युनिटला ८ फेनिग), ट्राम, मुलांचे कपडे यांचे भाव वर्षानुवर्षं गोठवलेले होते आणि फरक सरकारी तिजोरीतून भरला जाई. तो पैसा कॉफी, टीव्ही, फ्रीज, मोटार यांच्यावर जबर भाव लावून काही अंशी वसूल होई. त्याचे दुष्परिणामही मुलांना दाखवा. पाव जनावरांच्या खाद्यापेक्षा स्वस्त पडे, म्हणून लोक सशांना आणि डुकरांना पाव घालत. भाडं चौरस मीटरला एक मार्काच्या आसपास. त्यात छपराची दुरुस्तीही होत नसे, म्हणून लाइपझिगच्या जुन्या वस्त्यांत वरचे मजले गळून रिकामे पडत आणि त्याच शहरात घरासाठी अर्ज केलेली जोडपी वर्षानुवर्षं थांबलेली असत. भाड्याच्या रकान्यात ६० मार्क लिहा, आणि थांबण्याच्या रकान्यात हे लिहा.

एक गोष्ट आवर्जून सांगा: पूर्वेत उपासमार नव्हती. मांस आणि लोणी यांचा दरडोई वापर पश्चिमेच्या तोडीचा होता. अडायचं ते संत्र्यांवर, चांगल्या कॉफीवर, नळाच्या तोटीवर आणि खोलीच्या चावीवर.

पिशवी_सोबत:

वरच्या उत्तरातल्या "ओळख" या रकान्याबद्दल, कारण तो नुसता शब्द राहिला तर मुलांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहणार नाही.

लाइपझिगची बाई कचेरीतून निघताना खिशात किंवा पर्समध्ये घडी घातलेली नायलॉनची पिशवी घेऊनच निघे. त्या कापडाला तिकडे डेडेरॉन म्हणत, देशाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून. रस्त्यात रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं, काय आलंय? आपल्याला नको असलं तरी घ्यायचं, कारण ते शेजारणीला, मेव्हण्याला किंवा दाताच्या डॉक्टरला हवं असतं. काही माल फळीवर येतच नसे. दुकानदारीण गल्ल्याखाली वाकून तो ओळखीच्या गिऱ्हाइकाला काढून देई. अशा मालाला नावच होतं "ब्यूकवारं", वाकून काढायचा माल.

दुकानांचे थर मुलांना समजावून द्या. रोजचं सामान कॉन्झुम या सहकारी दुकानांत किंवा सरकारी हा-ओ दुकानांत. जरा बरं खाणं डेलिकाटमध्ये आणि बरे कपडे एक्स्क्विझिटमध्ये, दोन्हीकडे पूर्व मार्कच, पण भाव कितीतरी चढे. सगळ्यात वर इंटरशॉप: पश्चिमी कॉफी, साबण, जीन्स, चॉकलेट, आणि पैसे फक्त पश्चिमी. १९७४ पासून नागरिकांना परकीय चलन बाळगायला परवानगी होती. एप्रिल १९७९ पासून मात्र नोटा थेट चालत नसत. त्या सरकारी बँकेत द्यायच्या आणि बदल्यात मिळालेल्या कुपनांवर खरेदी करायची. म्हणजे समानतेवर उभ्या असलेल्या देशात खरी दरी पडली ती पश्चिमेत मावशी असलेला आणि नसलेला यांच्यात. प्रामाणिक पक्ष कार्यकर्त्याला पश्चिमी नातेवाइकांशी संबंध ठेवता येत नसत, त्यामुळे इंटरशॉपच्या दारात तोच मागे राहायचा. हा मुद्दा वर्गात जरूर मांडा.

न्हाणीघराची फरशी बसवायला कारागीर हवा असेल तर छोट्या जाहिरातीत "निळ्या फरशा" देऊ असं लिहीत. शंभर पश्चिमी मार्काची नोट निळी होती. वाचणाऱ्याला अर्थ बरोबर कळे.

कॉफीचा १९७७ चा प्रसंगही घ्या. जागतिक बाजारात भाव भडकले, देशाकडे परकीय चलन नव्हतं, म्हणून स्वस्त कॉफी बंद करून "काफे-मिक्स" आणला: ५१ टक्के कॉफी, बाकी चिकोरी, राय, सातू वगैरेंचं भाजलेलं मिश्रण. उपाहारगृहांतल्या यंत्रांत दाबाखाली त्या पिठूळ भागाचा चिखल होई आणि गाळण्या तुंबत. तक्रारींचा ढीग पडला आणि मिश्रण गुंडाळावं लागलं. पुढे व्हिएतनाममध्ये कॉफीची लागवड वाढवायला पूर्व जर्मनीने पैसा आणि यंत्रं पुरवली ती या फटक्यानंतर. झाडांना फळ धरेपर्यंत मात्र पूर्व जर्मनीच उरली नव्हती.

दुसरीकडे हॅनोव्हरला सगळं मिळे, पण कधीही मिळे असं नाही. १९५६ च्या दुकानबंदी कायद्याने दुकानं संध्याकाळी साडेसहाला आणि एरवीच्या शनिवारी दुपारी दोनला बंद. रविवारी कडकडीत बंद. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर आठवड्याचा बाजार शनिवारी सकाळी धावतपळत.

दोन_पिस्टन:

मोटारीचा रकाना मी भरतो. इथे थांबणं सगळ्यात लांब आहे.

ट्राबांट ६०१ साठी नाव नोंदवायचं आणि दहा ते पंधरा वर्षं विसरायचं. काही जिल्ह्यांत त्याहून जास्त. म्हणून अठरा पूर्ण झाले की मुलगा पहिला अर्ज मोटारीचा करी, आणि घरातली आजीसुद्धा, जिला कधी चालवायची नव्हती, तीही नाव लावून ठेवी. आपल्याकडे आकुर्डीच्या चेतकसाठी वर्षानुवर्षं थांबलेली घरं आहेत, त्यामुळे मराठी मुलांना आजोबांकडून हे लगेच समजेल. परिणामही तोच: वापरलेली ट्राबांट नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई, कारण विकत घेणारा गाडीबरोबर दहा वर्षंही विकत घेत होता.

गाडी आतून अशी: दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ५९४ घन सेंटिमीटर, २६ अश्वशक्ती, हवेने थंड होणारं इंजिन. अंगावरचे पत्रे पत्र्याचे नव्हतेच. कापसाचे धागे आणि फिनॉल राळ दाबून केलेलं ड्युरोप्लास्ट, कारण खोल दाबाचा पोलादी पत्रा पश्चिमेच्या निर्बंधांमुळे मिळेना. ड्युरोप्लास्ट गंजत नाही, पण आतला सांगाडा पोलादी. दाराखालचा पट्टा आणि चाकांवरचा भाग आतून सडत असताना बाहेरून गाडी धडधाकट दिसे. जुनी घेताना लोक खाली झोपून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघत.

पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वर, बॉनेटखाली. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं, म्हणून पंप नाही. काटाही नाही. झाकण उघडून मोजपट्टी बुडवायची. पायापाशी तीन जागांचा कॉक: बंद, चालू, रिझर्व्ह. स्कूटरवाल्यांना हे नवं नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. १९७४ पर्यंत प्रमाण एकास तेहतीस, पुढे एकास पन्नास. म्हणजे २० लिटरला ४०० मिलिलिटर. कमी पडलं तर पिस्टन तापून जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा होऊन एक सिलिंडर सुटतो आणि मागे निळा धूर. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी तशीच जाऊ दिली तर इंजिन फिरतं पण त्याला ऑइल मिळत नाही. म्हणून चौथ्या गिअरला सायकलसारखी फ्रीव्हील बसवलेली आहे: पाय काढला की इंजिन मोकळं होऊन आपल्या मंद गतीवर येतं. त्याचा तोटा असा की घाटात इंजिनाचा ब्रेक लागत नाही, तिसऱ्यावर यावं लागतं.

थंड करणारा पंखा एका पट्ट्यावर. पट्टा तुटला की काही मिनिटांत इंजिन भाजतं. म्हणून डिकीत जादा पट्टा, प्लग आणि पॉइंट असत. १९८३ पर्यंत वीज सहा व्होल्टची, दिवे मिणमिणते. सुट्या भागांचा तुटवडा एवढा की सायलेन्सर दुकानात दिसला की स्वतःचा धड असला तरी घेऊन ठेवायचा. प्रत्येकाने घरात साठा केल्याने दुकानं आणखी रिकामी होत. तुटवड्याने साठा आणि साठ्याने तुटवडा, हे चक्र ताई तुम्ही फळ्यावर काढून दाखवा. नियोजनबद्ध अर्थव्यवस्था यावरून जेवढी समजेल तेवढी व्याख्येवरून समजणार नाही.

पेट्रोल लिटरला दीड मार्क, म्हणजे कामाची पंधरा मिनिटं. हॅनोव्हरला पाच मिनिटं. हॅनोव्हरच्या घरी फोक्सवागनची गोल्फ धरा. तिथे रांग नाही, हप्ता आहे. शिवाय विमा, मोटार कर आणि दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी, त्यात गंज सापडला की दुरुस्तीचं बिल. कायद्यातला फरकही बघा: पूर्वेत दारूचा एक थेंबही चालत नसे, मर्यादा शून्य. पश्चिमेत रक्तात दर हजारी ०.८. पूर्वेत महामार्गावर ताशी १००, पश्चिमेत बऱ्याच महामार्गांवर मर्यादाच नाही.

पाळणाघर:

ताई, तुमच्या मांडणीत एक जागा दुरुस्त करायला हवी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हॅनोव्हरची बाई दोन वर्षांचं मूल घरी ठेवून पूर्णवेळ कचेरीत जाऊ शकते असं तुम्ही धरलं आहे. १९८५ साली पश्चिमेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरातल्या जागा शंभरात दोन-तीन मुलांना पुरतील एवढ्याच होत्या. मोठ्या मुलाची शाळा दुपारी बारा-एकला सुटे, शाळेत जेवण नसे. बालवाडी बहुतेक ठिकाणी अर्ध्या दिवसाची. दुकानं साडेसहाला बंद. हा सगळा दिवसच घरी बाई आहे असं धरून आखलेला होता. १ जुलै १९७७ पर्यंत तर कायद्यातच लिहिलेलं होतं की बायकोला नोकरी करायचा हक्क आहे, पण संसाराच्या कर्तव्यांशी जुळेल तेवढाच. तेव्हा हॅनोव्हरच्या वहीत एक पगार धरा, फार तर बायकोची सकाळची अर्धी नोकरी, तीही आजी जवळ राहत असेल तर. बाल-भत्ता मिळे: पहिल्या मुलाला ५० मार्क, दुसऱ्याला १०० (उत्पन्न जास्त असेल तर कमी).

लाइपझिगची बाई मात्र पूर्णवेळ नोकरीत धरलीत ते बरोबर. कामाच्या वयाच्या दहांतल्या नऊ बायका नोकरीत किंवा शिक्षणात होत्या. पाळणाघर सकाळी सहाला उघडे, दिवसाला १ मार्क ४० फेनिग, तेही जेवणाचे. शाळेतलं जेवण ५५ फेनिग. तुमच्या दोन वर्षांच्या मुलाच्या वेळी, म्हणजे १९८३ साली, आईला दुसऱ्या मुलासाठीचं वर्षभराचं भरपगारी नसलं तरी भत्त्यासह "बाळवर्ष" मिळालं असणार. ती सोय १९७६ ची. मोठ्याच्या वेळी ती नव्हती, तेव्हा फक्त १८ आठवड्यांची बाळंतपणाची रजा.

लग्नाचं कर्ज वहीत विसरू नका. १९७२ पासून २६ वर्षांखालच्या जोडप्याला पहिल्या लग्नानंतर ५,००० मार्क बिनव्याजी. फेड आठ वर्षांत. पहिलं मूल झालं की १,००० माफ, दुसऱ्याला १,५००, तिसऱ्याला उरलेले २,५००. तुमच्या कुटुंबाचं १९७४ चं लग्न धरलंत तर पहिल्या मुलावर १,००० सुटलेले आणि बाकीचं १९८५ पर्यंत फिटलेलं. लग्नाचं वय खाली येण्याचं आणखी एक कारण घर होतं: लग्न झालेल्याला, त्यातही मूल असलेल्याला घराच्या यादीत वर जागा मिळे.

आता या सोयींची दुसरी बाजू. महिन्याला एक पगारी "घरकामाचा दिवस" मिळे, लग्न झालेल्या पूर्णवेळ नोकरदार बाईला. पुरुषाला तो मिळायचा असेल तर एकटा असणं, घरात आजारी बायको असणं, अशी कारणं लागत. म्हणजे घरकाम कोणाचं हे सरकारनेच ठरवून टाकलेलं. कागदी लंगोट जवळजवळ नव्हते. सुती लंगोट उकळायचे. त्यासाठी बहुतेक घरांत श्वार्त्सेनबेर्गची डब्ल्यू-एम ६६ ही यंत्रं: वरून नळीने पाणी भरायचं, आतच तापवायचं, धुऊन झालं की नळी खाली टाकून पाणी सोडायचं, पुन्हा भरून विसळायचं, आणि ओले कपडे उचलून वेगळ्या पिळायच्या यंत्रात टाकायचे. पाणी नीट तापत असल्यामुळे त्याच यंत्रात उन्हाळ्यात फळांच्या बरण्या उकळून टिकवत. सोमवारी लंगोट आणि शनिवारी चेरीच्या बरण्या. इतकं साधं यंत्र असल्याने बिघडायला फारसं काही नसे, आणि एकीकरणानंतरही कित्येक वर्षं ती चालू होती.

थकवा दोन्हीकडे होता. हॅनोव्हरच्या बाईकडे स्वतःचा पगार नव्हता आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन तुटपुंजं. लाइपझिगच्या बाईकडे दोन्ही होतं, वेळ नव्हता. एकीचं सुख दाखवून दुसरीचं झाकू नका, एवढी विनंती.

खडूफळा:

फार मोलाचं मिळालं, मनापासून आभार. हॅनोव्हरच्या घरात एकच पगार धरते आणि वहीत दोन रकाने वाढवते. आणखी एक विचारते. ही दोन घरं एकमेकांची नातलग आहेत असं केलं, बहिणी-बहिणी, तर मुलांना जास्त जवळचं वाटेल. हॅनोव्हरचे लोक लाइपझिगला पाच दिवस आले, तर काय काय करावं लागे? आणि उलट दिशेने?

नाका_मारिएनबॉर्न:

उलट दिशेचं आधी, ते थोडक्यात आटपतं: लाइपझिगची बहीण नवरा-मुलांसह जाऊ शकत नव्हती. १९६४ पासून निवृत्त लोकांना पश्चिमेतल्या नातेवाइकांकडे जायची परवानगी मिळू लागली, कारण ते परत आले नाहीत तर सरकारचं निवृत्तिवेतन वाचत होतं. १९७२ पासून कामाच्या वयाच्या माणसाला "निकडीच्या कौटुंबिक कारणा"साठी अर्ज करता येई: मृत्यू, लग्न, गंभीर आजार. मिळाली तर एकट्याला, आणि बाकीचं कुटुंब मागे राहायचं. परत येण्याची हमी तीच.

हॅनोव्हरहून येणाऱ्यांची वाट: लाइपझिगची बहीण आधी तिथल्या लोकपोलिसांकडे अर्ज करून भेटीचा परवाना मिळवते आणि पोस्टाने धाडते. त्याला आठवडे लागतात, म्हणून नाताळची तयारी शरदातच सुरू. मोटारीने हेल्मश्टेट, तिथून मारिएनबॉर्नचा नाका. कागद, सामानाची यादी, सीटखाली आरसा. वर्तमानपत्रं, मासिकं घरीच ठेवायची. प्रौढाला रोजी २५ पश्चिमी मार्क सक्तीने बदलावे लागत, एकास एक दराने. तुमच्या वहीसाठी: दोन प्रौढ, पाच दिवस, २५० मार्क. मुलांचं धरू नका. १९८० च्या वाढीनंतर सहा ते चौदा वयाच्या मुलांना रोजी साडेसात मार्क होते, पण १९८३ च्या सप्टेंबरपासून चौदा वर्षांखाली माफी मिळाली. जुने लेख वाचून बरेच जण इथे चुकतात. उरलेले पूर्व मार्क परत नेता येत नसत, आणि लाइपझिगला त्या पैशाने घ्यायचं काय हा प्रश्नच असे. बहुतेक ते बहिणीच्या हातावर ठेवून जात. पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, आणि इमारतीतल्या "घरवही"त नाव. ही वही एका रहिवाशाकडे असे. कोण आलं, कधी आलं, कधी गेलं, हे त्यात लिहायचं. ती पाहायला पोलीस कधीही येऊ शकत.

येणं जमत नसे तेव्हा पार्सल. वर्षाला दोन-अडीच कोटी पार्सलं पूर्वेला जात. वर लिहावंच लागे: "भेटवस्तू, व्यापारी माल नव्हे." आत सामानाची यादी. हवाबंद डबे नकोत, कारण उघडल्याशिवाय तपासता येत नाहीत. औषधं नकोत, पैसे नकोत, छापील काही नको, ध्वनिफिती नकोत. वापरलेले कपडे असतील तर जंतुनाशन केल्याचं प्रमाणपत्र जोडायचं. यातलं एक चुकलं की पार्सल परत किंवा जप्त. कॉफी, चॉकलेट, साबण, नायलॉनचे मोजे, बेकिंगसाठी बदाम-बेदाणे, हे नेहमीचं सामान. पूर्वेत प्यायल्या जाणाऱ्या कॉफीचा साधारण पाचवा भाग या पार्सलांतून येई, आणि सरकार तो हिशेबात धरून चालत असे. हॅनोव्हरच्या घराला या पार्सलांवर करसवलतही होती, तीही मांडा. परत येई ते नाताळचं श्टोलेन, म्हणजे सुक्या मेव्याचा गोड पाव, बहिणीने भाजलेलं, त्याच बदाम-बेदाण्यांचं.

फोन? लाइपझिगला सहा घरांत एका घरी. म्हणून दाराला बाहेरून कागदाची गुंडाळी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. येणारा चिठ्ठी खरडून जाई. हा कागद वर्गाच्या दाराला लावा, मुलांना ते दार पटकन आपलं वाटेल.

रोजमेळ:

वरच्यांना पूरक म्हणून एक राहिलेला रकाना: तक्रार. पूर्वेत तक्रार करताच येत नव्हती असं सरसकट सांगितलं जातं, ते खरं नाही. छप्पर गळतंय, बूट मिळत नाहीत, घर मिळत नाही, अशा गोष्टींसाठी "आइनगाबं" नावाचा अर्ज करता येई, थेट राष्ट्रप्रमुखालासुद्धा. १९७५ च्या कायद्याने चार आठवड्यांत उत्तर बंधनकारक. असे अर्ज लाखांनी जात. पण प्रशासनाविरुद्ध दाद मागायला न्यायालय नव्हतं. ती न्यायालयं १९५२ सालीच मोडली होती. त्यामुळे अर्ज म्हणजे विनवणी, हक्क नव्हे. अधिकाऱ्याला पटलं तर छप्पर, नाही तर सुंदर भाषेतलं पत्र. आणि छपराबद्दल लिहिणं वेगळं, निवडणुकीबद्दल लिहिणं वेगळं. दुसऱ्याची नोंद गुप्त पोलिसांच्या कचेरीत होई. हॅनोव्हरचा भाडेकरू भाडेकरू संघाचा सभासद होतो आणि घरमालकाला कोर्टात खेचतो. खर्च त्याचा, पण निकाल लागतो. पश्चिमेचंही धुतल्या तांदळासारखं रंगवू नका: १९७२ च्या आदेशानंतर डाव्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद म्हणून शिक्षकांना, पोस्टमनना सरकारी नोकरी नाकारली गेली.

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नातली "महिनाअखेर उरलेली शिल्लक", तिचं पुढे काय झालं ते मुलांकडून गणित म्हणून सोडवून घ्या. समजा १९९० पर्यंत लाइपझिगच्या घरी बँकेत २०,००० पूर्व मार्क साठले. १ जुलै १९९० ला चलन एक झालं. रोख बदलून मिळाली नाही, खात्यातलीच रक्कम बदलली. १ जुलै १९७६ नंतर जन्मलेल्याला २,००० पर्यंत एकास एक, त्याआधीच्या प्रौढांना ४,०००, साठीच्या आसपासच्या आणि पुढच्यांना ६,०००. त्यावरची रक्कम दोनास एक. तुमचा मोठा मुलगा १९७५ चा, म्हणून तो चार हजारांत बसतो, लहान मूल दोन हजारांत. चौघांची स्वतंत्र खाती असतील तर १४,००० एकास एक, उरलेल्या ६,००० चे ३,०००. हातात १७,००० पश्चिमी मार्क. सगळी रक्कम नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यावर असेल तर ४,००० अधिक ८,०००, म्हणजे १२,०००. त्या वसंतात पूर्वेतल्या बचत बँकांपुढे मुलांची खाती उघडायला रांगा लागल्या होत्या त्या यामुळे.